डावा कोपरा

घड्याळ बंद.

फक्त खेळाचं. बाकी सगळं चालू आहे. प्रेक्षक बाकांवर पाय आपटताहेत, पिवळ्यांच्या प्रशिक्षक बाईंनी पाण्याची बाटली फेकलीय, निळ्यांच्या चार नंबरच्या मुलीच्या बुटाची नाडी सुटलीय आणि तिचं तिकडे लक्षच नाही. सोळा वर्षांखालच्या मुलींची आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा, आठ देश, आज उपांत्य सामना. निळ्या म्हणजे घरच्या. पिवळ्या पाहुण्या. घरच्या एका गुणाने मागे आहेत, फलकावर ४.१ सेकंद उरलेत आणि चेंडू निळ्यांना डाव्या कोपऱ्यातून आत टाकायचाय.

घड्याळ थांबलंय तोवर टेबलावरची माणसं ओळखून घेऊ. एकदा सुरू झालं की ते कुणाच्या बापासाठी थांबत नाही.

मैदानाच्या कडेला, बरोबर मध्यावर, एक लांब टेबल. उजव्या खुर्चीत कागदआजोबा. गुणपत्रिका लिहितात. पेन्सिल कानावर, पेन हातात, आणि एक खाडाखोड झाली की आठवडाभर जेवण गोड लागत नाही. डाव्या खुर्चीत चोवीस. चेंडू मिळाल्यापासून चोवीस सेकंदांत तो बास्केटकडे फेकावा लागतो. ते सेकंद मोजणारं छोटं घड्याळ याच्याकडे, म्हणून हे नाव. त्याची बायकोसुद्धा आजोबांना फोन करून विचारते, "चोवीस निघाले का हो?" एरवी तो चष्म्याच्या दुकानात कामाला. आणि मधल्या खुर्चीत ती. वजनताई. मुख्य घड्याळ तिचं.

नोकरी वजनमापं तपासण्याच्या कार्यालयात. सत्तावीस वर्षं ती दुकानादुकानांतून काटे तपासत फिरतेय. दुकानदार गोड बोलायला लागला की ती आधी पारड्याखाली हात घालते. तिथे लोहचुंबक चिकटवलेलं असतं. नेहमी नसतं, पण नसलं की तिला वाटतं, आज जरा नीट लपवलंय. सुट्टीच्या दिवशी, बावीस वर्षं, ती ही खुर्ची सांभाळते. बाकी दिवस ती दुसऱ्यांचे काटे तपासते. इथे काटा तिचा स्वतःचा.

नियम सोपा आहे. बाहेरून आत टाकलेल्या चेंडूला मैदानातल्या खेळाडूचा हात लागला की घड्याळ सुरू. आधी नाही, नंतर नाही. आणि टेबलावर बोलून काम करायची रीत आहे. आजोबा पुटपुटतात, "निळ्या सात, दोन गुण." चोवीस म्हणतो, "नऊ सेकंद... पाच." न बोलता काम केलं की चुका होतात, असं सगळ्यांना शिकवलेलं असतं.

ओळख झाली. घड्याळ चालू.

चार नंबरने चेंडू टाकला. चोवीस म्हणाला, "चालू." तिच्या अंगठ्याने बटण दाबलं. सात नंबरने चेंडू धरला, वळली, उडी मारली. फलकावर ०.३ असताना चेंडू हातातून सुटला आणि भोंगा वाजत असताना जाळीतून खाली पडला.

घरच्या एका गुणाने जिंकल्या. चार नंबर धावत सुटली आणि स्वतःच्याच नाडीवर पाय पडून सपशेल आडवी झाली. तिच्यावर बाकीच्या अकरा जणी.

"निळ्या सात, दोन गुण," आजोबा म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसला.

*

तक्रार

चौथ्या सत्रात निळ्यांनी चेंडू पाच वेळा आत टाकला. घड्याळ प्रत्येक वेळी उशिरा सुरू झाले: ०.४, ०.३, ०.५, ०.३, ०.४. एकूण १.९ सेकंद.

आम्ही चेंडू सहा वेळा आत टाकला. उशीर: शून्य, सहाही वेळा.

शेवटच्या वेळी घड्याळ ०.४ उशिरा सुरू झाले. शेवटचा चेंडू हातातून सुटला तेव्हा फलकावर ०.३ उरले होते. पुढची वजाबाकी आपणच करावी.

सोबत चित्रफीत जोडली आहे.

(पिवळ्या संघाचे व्यवस्थापक)

*

स्पर्धेच्या निरीक्षकांना सर्दी झाली होती. तोंडात खोकल्याची गोळी घोळवत ते बोलत होते, त्यामुळे प्रत्येक वाक्याला पुदिन्याचा वास होता.

"बाई, मला दोन शक्यता दिसतात," ते म्हणाले. "हे मुद्दाम केलेलं असेल, तर निळ्या बाद. उद्या अंतिम सामना पिवळ्या खेळतील, आणि तुमच्यापैकी कुणी पुन्हा कधी टेबलावर बसणार नाही. दुसरी शक्यता, चूक. ती दोघांना सारखीच भोवली असेल तर निकाल राहील. माणूस बदलेल."

"बावीस वर्षांत माझं एक बटण..."

"माहीत आहे. म्हणून तर विचारतोय, नाहीतर सरळ लिहून टाकलं असतं. संध्याकाळी सहाला या. दोष कुणाचा, कशाने, एवढं सांगा."

ती बाहेर पडली ती सरळ रिकाम्या मैदानात गेली आणि तिने घड्याळाचं यंत्र उलटं केलं. खाली हात घातला. काही नव्हतं. केबल टेबलापासून भिंतीपर्यंत बोटांनी चाचपली. कुठे कापलेली नाही, जोड नाही. बटण शंभर वेळा दाबलं. शंभर वेळा चाललं. इतकं बरोबर चालणारं यंत्र पाहून तिचा संशय आणखीच वाढला.

यंत्र नाही, तर माणूस. पंच? पंच हात खाली आणून खूण करतो, पण दोन्ही पंच तिसऱ्याच देशाचे, त्यांना काय पडलंय. चित्रफीत? व्यवस्थापकाने कापून जोडली असेल. आजोबा? आजोबांच्या नातीने काल निळ्यांच्या सात नंबरसोबत फोटो काढला होता, तेव्हा आजोबा कसे खुलले होते! पण आजोबांच्या हातात पेनाशिवाय काही नसतं.

मग राहतो कोण?

चोवीस पूर्वी "चालू" म्हणायचा नाही. हे तिला मैदानाच्या मध्यावर उभं असताना आठवलं आणि तिचे कान गरम झाले. तो आपले सेकंद तेवढे बोलायचा. "चालू" हे त्याने दोन वर्षांपूर्वी सुरू केलं. कुणी सांगितलं नव्हतं. आणि तीन वर्षांपूर्वी त्याने मुख्य घड्याळाची परीक्षा दिली होती. पास झाला होता. पेढे वाटले नव्हते, हेही तिने तेव्हा मनात टिपून ठेवलं होतं. खुर्चीवर डोळा असणारा माणूस पास झाल्याचा गाजावाजा करत नाही.

तो कानाशी "चालू" म्हणतो, घरच्या संघाच्या वेळी जरा सावकाश म्हणतो, आपण त्या आवाजाला फशी पडतो, तक्रार येते, खुर्ची रिकामी होते. किती सोपं! पारडं तिचं, चुंबक त्याचं.

एकच गोष्ट या हिशोबात बसत नव्हती. तिने त्याच्या आवाजावर बटण दाबायचंच का? डोळे होते ना स्वतःचे?

तिने पर्स उघडली, आरशात न बघता डाव्या डोळ्यात एक थेंब टाकला आणि घरी निघाली.

*

तिचे यजमान लिफ्ट दुरुस्त करतात. दुपारचे तीन, स्वयंपाकघरातलं टेबल, ओट्यावर धुऊन उपडी घातलेली पातेली, टेबलावर लॅपटॉप.

"अहो, मी थांब म्हटलं की थांबवा. चित्रफितीत चेंडूला हात लागतो ती चौकट आणि फलक हलतो ती चौकट. दोन्हींतलं अंतर लिहा."

"चौथं सत्र?"

"चौथं त्यांनी मोजलंय. आपण सगळा सामना मोजायचा. दुकानदाराने स्वतः काढलेल्या मापावर कधी विश्वास ठेवायचा नसतो."

"मी लिफ्टवाला आहे, माझ्यावर ठेव जरा."

दीड तास लागला. चित्रफीत कापलेली नव्हती. व्यवस्थापकाने मोजलेलं अगदी बरोबर होतं. पण यजमानांनी पेन खाली ठेवलं आणि कागद तिच्याकडे फिरवला.

"हे बघ. पहिल्या अर्ध्यात उशीर पिवळ्यांना मिळालाय. आठ वेळा. एकूण ३.३. निळ्यांना शून्य."

"काय?"

"दुसऱ्या अर्ध्यात उलटं. निळ्यांना ३.१, पिवळ्यांना शून्य. म्हणजे पाहुण्यांनाच दोन दशांश जास्त दिलेत तुम्ही लोकांनी. पाहुणचार चांगला केलात."

ती कागदाकडे बघत राहिली. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात. पहिल्या अर्ध्यात पिवळ्यांचा हल्ला डाव्या बास्केटवर होता, दुसऱ्यात निळ्यांचा. रंगाचा काही संबंध नव्हता. उशीर व्हायचा तो चेंडू डावीकडून आत यायचा तेव्हा. उजवीकडे एकदाही नाही.

चोरी नव्हती. तिला हायसं वाटायला हवं होतं.

"डावीकडे काय आहे?" यजमानांनी विचारलं.

"चोवीस बसतो."

"आणि?"

"आणि काय! तोच मुद्दाम..."

"लिफ्टचं दार उशिरा मिटलं की लोक म्हणतात दार बिघडलं," यजमान उठून तिच्या मागे पाणी प्यायला गेले. "दहातल्या नऊ वेळा दार ठणठणीत असतं. कडेला जो डोळा असतो ना, माणूस आहे की नाही बघणारा, त्याच्यावर धूळ बसलेली असते." मग ते गप्प झाले. बराच वेळ.

"अहो, बोला की. काय झालं?"

"दिसतोय का?"

"काय दिसतोय?"

ती वळली. यजमान तिच्या डाव्या खांद्याशी आमटीचा डाव धरून उभे होते. कधीपासून, कोण जाणे.

डाव त्यांनी हळूच ओट्यावर ठेवला. "थेंब ॲलर्जीचे म्हणाली होतीस."

काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. तो कडेकडेने आत येतो, सभ्य चोरासारखा, आणि रोज एक वस्तू उचलून नेतो. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं: समोरचं स्वच्छ आहे, डाव्या डोळ्याचं बाजूचं दिसणं गेलंय, गेलं ते परत येणार नाही, थेंब चुकवू नका. तिने थेंब चुकवले नाहीत. फक्त कुणाला सांगितलं नाही. मान थोडी वळवली की भागतं, असं तिने ठरवलं. चेंडू डाव्या कोपऱ्यात गेला की मान वळवायला वेळ नसतो, तिथला पंचही दिसत नाही. पण कानाशी एक आवाज यायचा, आणि अंगठा आपोआप खाली जायचा. आवाज तोंडातून निघून कानात शिरून अंगठ्यापर्यंत पोचायला जेवढं लागतं, तेवढाच उशीर. तीन दशांश. चार दशांश.

आपण बघतोय असंच तिला वाटत होतं. शप्पथ घेऊन सांगितलं असतं.

"मला सांगायचंस ना गं," यजमान म्हणाले.

"तुम्ही टेबलावर सांगू नकोस म्हणाला असता, की सांग म्हणाला असता?"

"सांग म्हणालो असतो."

"म्हणूनच."

*

घड्याळ चालू. पाच वाजून दहा मिनिटं.

चष्म्याचं दुकान अरुंद. दोन्ही भिंतींवर काचा नसलेले चष्मे, समोर अक्षरांचा तक्ता, खाली लहान लहान खणांचं कपाट. चोवीस एका फ्रेमचा स्क्रू आवळत होता. तिला पाहून त्याने पेचकस खाली ठेवला, पण उठला नाही.

"तू 'चालू' का म्हणायला लागलास?"

"बसा ना ताई."

"उभी बरी आहे. दोन वर्षांपूर्वीपासून. का?"

त्याने फ्रेम मखमलीच्या तुकड्यावर आडवी ठेवली. "वसंतातली ती शाळांची स्पर्धा आठवते? चेंडू डावीकडे गेला की तुम्ही मान अशी करायला लागलात." त्याने करून दाखवलं. कोंबडी दाणा शोधते तशी मान. "इथे रोज अशी दोन माणसं येतात. म्हणतात, फ्रेम डावीकडून बोचते. फ्रेम बोचत नसते."

"मग बोलायचं होतंस!"

"बोललो असतो तर काय म्हणाला असता?"

तिचं उत्तर जिभेवर आयतं होतं, दोन वर्षांपूर्वीही तेच असतं: याला खुर्ची पाहिजे.

"तेच," चोवीस म्हणाला. "आणि खोटं कशाला बोलू, पाहिजेच आहे की. परीक्षा काय हौस म्हणून दिली? पण आंधळ्या कोपऱ्यातून नको होती. म्हटलं, तुम्ही स्वतः सांगाल. तोवर आवाज द्यावा."

"आवाजाने उशीर होतो हे कळलं नाही तुला?"

"तक्रार आली तेव्हा कळलं. मला वाटलं होतं, मी डोळा देतोय. मी कान देत होतो." त्याने पेचकस उचलला, परत ठेवला. "एक करू या. सहाला मी सांगतो, केबल माझ्या पायात अडकत होती. दोन घड्याळं एकाच वायरवर आहेत, पटेल त्यांना. मला एक सामना बाहेर बसवतील, बस. तुम्ही राहाल."

सत्तावीस वर्षांत तिच्याशी किती दुकानदार गोड बोलले असतील? ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, आधी समोरून, मग मान वळवून. प्रामाणिक दिसत होता. चांगले काटे नेहमीच प्रामाणिक दिसतात. याने खोटं सांगितलं, आपण गप्प राहिलो, तर उद्यापासून घड्याळ कुणाचं? बटण तिच्या बोटाखाली आणि ती याच्या मुठीत. किंवा तो खरंच भला माणूस असेल. दोन्ही शक्यतांचं वजन सारखंच भरत होतं, आणि ते तिला अजिबात आवडलं नाही.

"नको," ती म्हणाली.

"ताई, उद्या अंतिम सामना आहे."

"म्हणूनच नको."

दाराशी जाताना तिचा डावा खांदा चष्म्यांच्या स्टँडवर आदळला. वीसेक फ्रेमा खाली पडल्या. दोघेही वाकून गोळा करू लागले. डावीकडे पडलेल्या त्याने उचलल्या.

*

सहा.

"हा पहिला अर्धा, हा दुसरा," तिने दोन कागद निरीक्षकांसमोर ठेवले. "पिवळ्यांना ३.३ मिळाले, निळ्यांना ३.१. तुमच्या माणसाकडून मोजून घ्या."

"घेणारच." त्यांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "म्हणजे दोष डाव्या बाजूचा. डाव्या बाजूला काय आहे?"

हे उत्तर रस्ताभर तिने घोळवलं होतं. डावीकडे चोवीस आहे, असं म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं. तो उशिरा बोलतो, हेही खरं होतं. खरं बोलूनही माप मारता येतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

"डावीकडे मला दिसत नाही," ती म्हणाली. "काचबिंदू. दोन वर्षं."

निरीक्षकांनी गोळी चावली. कडकन आवाज झाला.

"मग बटण कशावर दाबत होता?"

"टेबलावर बोलून काम करायची रीत आहे. बाकीच्यांनी रीत पाळली. मी बघायचं सोडून ऐकायला लागले, ते माझं."

"तुम्हाला आधी कळवता आलं असतं."

"आलं असतं."

त्यांनी खूप वेळ लिहिलं. मग पेन थांबवून विचारलं, "पण तो शेवटचा चेंडू, बाई. पिवळ्यांना मी काय सांगू?"

"पहिल्या मिनिटाचा दशांश आणि शेवटच्या मिनिटाचा दशांश, वजन सारखंच असतं."

"पटेल त्यांना?"

"नाही पटणार," ती म्हणाली. "मलाही पटलं नसतं."

त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. मोजणी जुळली तर निकाल कायम; मुख्य घड्याळावरील व्यक्ती बदलावी. तिने सही केली. सही नेहमीसारखीच आली, किंचित उजवीकडे झुकलेली.

*

घड्याळ बंद.

अंतिम सामना सकाळी अकराला. रात्री मोजणी जुळली होती, निळ्या खेळत होत्या. पिवळ्यांचे व्यवस्थापक पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते आणि टेबलाकडे असे बघत होते, जशी ती आयुष्यभर पारड्यांकडे बघत आली होती. तिला त्यांच्याबद्दल एकाएकी आपुलकी वाटली.

यजमान म्हणाले, मधोमध बसू, छान दिसेल. ती ऐकेना. तिने अगदी डाव्या टोकाची, भिंतीलगतची खुर्ची धरली. इथून सगळं मैदान तिच्या उजव्या हाताला येत होतं. डावीकडे फक्त भिंत. भिंत हलत नाही, तिच्यावर नजर ठेवायचं कारण नव्हतं.

मधल्या खुर्चीत चोवीस. त्याच्या डावीकडे एक नवी बाई छोटं घड्याळ सांभाळत होती, त्यामुळे आजपासून चोवीस कुणाला म्हणायचं हा आजोबांपुढे प्रश्न होता. चार नंबरच्या नाडीला आज दोन गाठी होत्या.

पहिलं मिनिट संपायच्या आत चेंडू बाहेर गेला. डाव्याच कोपऱ्यात.

"हे काय काढलंस?" यजमानांनी विचारलं.

तिने पर्समधून कार्यालयातलं स्टॉपवॉच काढलं होतं. पाठीमागे मोहर असलेलं, गेल्याच महिन्यात तपासलेलं. अंगठा बटणावर.

"त्याला पकडणार आहेस?"

"गप्प बसा हो."

चार नंबरने चेंडू टाकला. सात नंबरचा हात लागला. तिचा अंगठा खाली गेला, आणि तिने फलकाकडे पाहिलं. मधल्या खुर्चीतला माणूस कुणाच्या आवाजासाठी थांबला नव्हता. चेंडू पुन्हा बाहेर गेला, शिट्टी वाजली, घड्याळ थांबलं. तिचंही थांबलं. तिने दोन्ही आकडे ताडून पाहिले.

सारखे. एका दशांशाचाही फरक नाही.

"झालं समाधान?" यजमान म्हणाले.

तिने स्टॉपवॉच शून्यावर आणलं आणि पुढच्या चेंडूची वाट बघत बसली.